उद्यानकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना संस्थानात, ॲशव्हिल शहरानजीक, डोंगरांच्या कुशीत बिल्टमोर नावाची प्रसिद्ध इस्टेट आहे. शरद ऋतूच्या अखेरीस तेथे जाणाऱ्या प्रवाशास वाडा गाठण्यापूर्वी सुमारे तीन मैल दाट झाडीतून जावे लागते. पानगळ झालेली असते. वळणावळणाच्या रस्त्यालगत ओढा वाहत असतो. आणि शेवटच्या वळणापर्यंत वाडा दृष्टीस पडत नाही. पुढे तटबंद फुलबागेतील ताटवे ओस पडलेले दिसतात. परंतु बागेच्या टोकाशी असलेल्या काचगृहात पाऊल टाकताच उष्ण देशांतील ताडमाड व ऑर्किडची फुले ऐन थंडीतही टवटवीत दिसतात. वाटेवरील ते रान अनादिकालापासूनचे असावे असे कोणासही वाटेल. वस्तुतः ते एका मनुष्याने विचारपूर्वक लावविलेले आहे. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांचा जन्म २६ एप्रिल १८२२ रोजी कनेक्टिकट संस्थानातील हार्टफर्ड येथे झाला. वडील कापडाचे सधन व्यापारी होते. मूल चार वर्षांचे होण्यापूर्वीच मातेचे छत्र हरपले. पुढे एका विषारी झुडपाच्या संसर्गाने डोळे अधू झाले आणि येल कॉलेजात जाण्याचा बेत राहून गेला. न्यूयॉर्कला कारकुनी केली. ती मानवली नाही. १८४३ साली खलाशी होऊन चीनची सफर केली. तेथून आजारी होऊन परत आले. नंतर वडिलांनी शेत घेऊन दिले, त्यातही म्हणावे तसे यश आले नाही. तिशी उलटली तरी चिरंजीवांचे बस्तान बसेना! तथापि त्या पित्याने मुलास कधी अंतर दिले नाही; पैसा पुरविला आणि धीर धरला.

ती वर्षे फुकट गेली नाहीत. १८५० साली इंग्लंडातील बर्कनहेड येथे त्यांनी गरीब व श्रीमंत या सर्वांस सारखेच खुले असलेले सार्वजनिक उद्यान पाहिले. पुढे दक्षिण अमेरिकन संस्थानांत हिंडून गुलामगिरीमुळे माणसांची व प्रदेशाची होणारी हानी त्यांनी वर्तमानपत्रांतून लोकांपुढे मांडली. १८५७ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या नियोजित सेंट्रल पार्कवर त्यांची देखरेखीसाठी नेमणूक झाली. आणि पुढल्याच वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासह तयार केलेला त्यांचा आराखडा स्पर्धेत पहिला ठरला. खडकाळ व दलदलीच्या जागेवर तेथे तळी, कुरणे व वनराजी निर्माण झाली.

१८८८ साली जॉर्ज व्हँडरबिल्ट या तरुण धनिकाने त्यांस बिल्टमोर येथे बोलाविले. त्या वेळी ओल्मस्टेड सहासष्ट वर्षांचे होते. जमीन बेसुमार तोडीने व शेतीने निकस झालेली होती. धन्याच्या मनात प्रशस्त उपवन करावयाचे होते. ओल्मस्टेडांनी स्पष्ट सल्ला दिला, की बाग वाड्यापुरतीच असावी, नदीकाठी शेती करावी आणि उरलेल्या भूमीवर जंगल वाढवावे. जंगलाचे फळ दिसण्यास अनेक वर्षे लागतात, हे ते पुरते जाणून होते. व्हँडरबिल्टने तो सल्ला मानला. १८९२ साली गिफर्ड पिंचो यांजकडे वनाची व्यवस्था सोपविण्यात आली, आणि १८९८ साली तेथे वनविद्येची शाळा निघाली.

परंतु १८९५ सालापासून ओल्मस्टेडांची स्मृती त्यांस सोडून जाऊ लागली व काम थांबवावे लागले. अखेरचे दिवस मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयात गेले. त्याच रुग्णालयाच्या आवाराविषयी त्यांनी पूर्वी सल्ला दिला होता. २८ ऑगस्ट १९०३ रोजी त्यांचे देहावसान झाले. बिल्टमोरची रोपे तेव्हा कोवळीच होती. पुढे व्हँडरबिल्टच्या पत्नीने इस्टेटीतील सुमारे ८७,००० एकर वन सरकारास विकले आणि त्यातून पिस्गाचे राष्ट्रीय अरण्य उभे राहिले.

विद्यार्थिमित्रांनो, एका परीक्षेतील अपयशाने हताश होऊ नका. आणि पालकांस आमची नम्र विनंती अशी, की ज्या मुलाची वाढ मंद दिसते त्याच्या बाबतीत हार्टफर्डच्या त्या व्यापाऱ्याचे स्मरण ठेवावे. ज्यास वाढण्यास पुरेसा अवधी मिळाला, त्यानेच पुढे उजाड भूमीसही तो दिला.