मादाम क्यूरी

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचे स्वतंत्र राष्ट्र उरले नव्हते. तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी तो देश आपसांत वाटून घेतला होता, आणि वॉर्सा शहरावर रशियाच्या झारचा अंमल होता. शाळांतील शिक्षण रशियन भाषेतून चाले. पोलंडचा इतिहास शिकविण्यास मनाई होती. काही शिक्षिका तो चोरून शिकवीत आणि सरकारी तपासनीस आल्याची वर्दी मिळताच मुली आपली पुस्तके लपवून ठेवीत. अशाच एका शाळेत मारिया स्क्लोदोव्स्का ही मुलगी शिकली. तिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. तिचे वडील गणित व भौतिकशास्त्र शिकवीत. मारिया दहा वर्षांची असतानाच तिची आई क्षयाने वारली.

मारियाची बुद्धी असामान्य होती, परंतु वॉर्साच्या विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. तेव्हा तिने व तिची थोरली बहीण ब्रोन्या हिने एक करार केला. ब्रोन्याने आधी पॅरिसला जाऊन वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत, आणि पुढे ब्रोन्याने धाकटीला बोलावून घ्यावे. त्याप्रमाणे १८८६ च्या आरंभी मारिया दूर खेड्यातील एका सधन कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून राहू लागली. फावल्या वेळात ती गावच्या शेतकऱ्यांच्या मुलांना पोलिश लिहावाचावयास शिकवी. हे कृत्य सरकारला कळते तर तिला शिक्षा झाली असती!

त्या घरचा थोरला मुलगा वॉर्सास गणित शिकत होता. सुटीत घरी आला असता त्याचे व मारियाचे मन जुळले. परंतु पगारी शिक्षिका सून म्हणून त्याच्या आईबापांना मान्य नव्हती, आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध जाण्याचे धैर्य त्या तरुणास झाले नाही. मारियाच्या मनाला हा घाव फार लागला. तरीही नोकरी सोडून जाणे तिला शक्य नव्हते, कारण पॅरिसमध्ये ब्रोन्याचे शिक्षण तिच्या पैशांवर चालले होते. त्याच घरात, त्याच माणसांत, ती मुदत संपेपर्यंत राहिली.

१८९१ साली अखेर मारिया पॅरिसला पोहोचली आणि सॉर्बोन विद्यापीठात दाखल झाली. फ्रान्समध्ये तिला मेरी म्हणू लागले. माळ्यावरच्या थंडगार खोलीत राहून, प्रसंगी पाव आणि चहा यांवर भागवून तिने अभ्यास केला. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या परीक्षेत ती पहिली आली, व पुढच्या वर्षी गणितात दुसरी.

त्या वर्षी, म्हणजे १८९४ मध्ये, पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांवर ती संशोधन करीत होती आणि त्यासाठी तिला जागा हवी होती. त्या निमित्ताने पिअर क्यूरी या पस्तीस वर्षांच्या फ्रेंच शास्त्रज्ञाशी तिची ओळख झाली. मोठे नाव असूनही हा मनुष्य अबोल, निःस्पृह आणि प्रयोगात बुडालेला असे. आपल्या कामात समरस होणारी पत्नी मिळणे अशक्य, अशी त्यांची समजूत होती. मेरीशी बोलल्यावर ती पालटली आणि त्यांनी तिला विवाहाबद्दल विचारले.

मेरी होकार देईना. पिअर तिला आवडत नव्हते असे मुळीच नाही. पण शिक्षण पुरे करून मायदेशी परतावे, वृद्ध वडिलांची सेवा करावी आणि पारतंत्र्यातल्या आपल्या मुलांना शिकवावे, हे व्रत तिने कधीच घेतले होते. फ्रेंच माणसाशी लग्न करणे म्हणजे ते सर्व टाकून देणे, असे तिला वाटे. त्या उन्हाळ्यात ती वॉर्साला निघून गेली. पिअर यांची पत्रे तिच्या पाठोपाठ गेली. समाज सुधारू पाहणाऱ्याला आपल्या हातून हित होते की अहित याची खात्री नसते, परंतु विज्ञानात लावलेला लहानसा शोधही कायमचा टिकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. युक्तिवाद चांगला खरा. परंतु मेरीवर अधिक परिणाम झाला असावा तो त्यांच्या दुसऱ्या तयारीचा. तिची इच्छा असेल तर आपणच पोलंडला येऊ आणि फ्रेंच भाषा शिकवून पोट भरू, असे त्यांनी तिला कळविले. ज्याने आपले संशोधन सोडण्याची तयारी दाखविली, त्याच्याकडून तसा त्याग मेरीने मागितला नाही. २६ जुलै १८९५ रोजी सो या गावी त्यांचा साधा विवाह झाला. वधूचा पोशाख गडद निळा होता. तो पुढे प्रयोगशाळेतही चालावा, हा हेतू. आहेराच्या पैशांतून दोघांनी सायकली घेतल्या.

संसार आणि संशोधन एकत्र चालविणे सोपे नव्हते. १८९७ साली कन्या इरेन जन्मली. पुढे पिअरचे वडील त्यांच्याकडे राहावयास आले व त्यांनी नातीला सांभाळले. या आजोबांचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते घ्यावयास हवे. १८९८ मध्ये मेरीचे काम पाहून पिअर यांनी स्वतःचे स्फटिकांवरील संशोधन बाजूला ठेवले आणि ते तिच्या कामात सामील झाले. त्या जुलैत दोघांनी एका नव्या मूलद्रव्याचा शोध जाहीर केला. मेरीने त्याला नाव दिले पोलोनियम. नकाशावर नसलेल्या तिच्या देशाचे नाव मूलद्रव्यांच्या यादीत आले! डिसेंबरात रेडियमचा शोध जाहीर झाला. मग गळक्या छपराच्या शेडमध्ये पिचब्लेंड या खनिजाचा टनावारी चोथा उकळून, १९०२ पर्यंत तिने एका ग्रॅमचा दहावा भाग एवढा शुद्ध रेडियम क्षार मिळविला. या कृतीचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी आरंभी मेरीचे नाव वगळले जात होते. पिअर यांनी आग्रह धरला आणि ते समाविष्ट झाले.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यात एका मालवाहू घोडागाडीखाली सापडून पिअर मृत्यू पावले. नोव्हेंबरात मादाम क्यूरी सॉर्बोनमध्ये त्यांच्या जागी व्याख्यानास उभ्या राहिल्या. श्रोते दुःखाच्या दोन शब्दांची वाट पाहत होते. पिअर यांनी विषय जेथे सोडला होता, तेथून बाईंनी तो पुढे सुरू केला.

१९११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. १९३२ मध्ये वॉर्सा येथे रेडियम संस्था उघडली, तेव्हा अमेरिकेत वर्गणीतून मिळालेले एक ग्रॅम रेडियम बाईंनी तिला दिले. संस्थेची धुरा ब्रोन्याने घेतली.

वर्षानुवर्षे किरणोत्सर्गात वावरल्याने त्यांचे रक्त बिघडले होते. ४ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. सो येथे पिअर यांच्या शेजारी त्यांना पुरले, तेव्हा ब्रोन्या व भाऊ यूझेफ यांनी पोलंडहून आणलेली मूठभर माती त्या कबरीत टाकली.