ठेकेदार जोतीराव

राष्ट्रपिता जोतीराव फुले यांची जयंती आपण ११ एप्रिलला साजरी करतो आणि तीन दिवसांनी बाबासाहेबांची. राजूर असो, भोकरदन असो की जालना, या दिवसांतल्या व्याख्यानांत जोतीरावांची ओळख ठरलेली असते. मुलींची शाळा, खुला केलेला हौद, सत्यशोधक समाज. ही ओळख खरीच आहे, पण तिच्यातून एक गोष्ट बहुधा गळून जाते. जोतीराव धंदा करणारे माणूस होते. सरकारी बांधकामांचे ठेके घेत होते, माल पुरवत होते, मजूर लावत होते, हिशेब ठेवत होते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. राजूर परिसरातली आपली मुले आता फक्त नोकरीच्या मागे नाहीत. कुणाचे कृषी सेवा केंद्र आहे, कुणाचे मोबाईलचे दुकान, कुणी हप्त्यावर जेसीबी घेतला आहे, कुणी खडी-मुरमाची वाहतूक करतो, कुणी रस्त्याचे नाहीतर नालीचे छोटे ठेके घेतो. चतुर्थीला राजुरेश्वराच्या गर्दीवर इथला बाजार फुलतो, त्यातही आपली दुकाने दिसू लागली आहेत. याचा आम्हाला आनंद आहे. पण त्याबरोबर एक वादही विहारात येऊन बसला आहे. धंदेवाला समाजाचे काही देणे लागतो का? एक बाजू म्हणते, त्याने कर भरला, चार जणांना काम दिले, संपला विषय. दुसरी बाजू म्हणते, जयंतीला पावती मोठी फाडली पाहिजे. आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, आणि ती का अपुरी आहेत हे कळायला जोतीरावांचे आयुष्य पैशाच्या बाजूने पाहावे लागते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा, पुण्यातला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यामुळे ते फुले झाले. म्हणजे आडनावच धंद्याने दिलेले. वडील गोविंदराव यांचा भाजी-फुलांचा व्यवसाय आणि शेती होती. आई चिमणाबाई लवकर गेल्या, सगुणाबाईंनी वाढवले. मधली काही वर्षे शाळा सुटून मुलगा शेतावर राबला, मग स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकला. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि १८४९ मध्ये त्याच कामापायी जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले. वडिलांच्या धंद्याचा आधार तिथेच तुटला. उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला. ही हकिकत आपल्याला पाठ आहे, म्हणून तिच्यात जास्त थांबत नाही.

पोटासाठी जोतीरावांनी १८५४ मध्ये मिशनच्या शाळेत अर्धवेळ शिक्षकी पत्करली. इंग्रजी शिकलेल्या माणसाला त्या काळात सरकारी कचेरीत जागा मिळणे अवघड नव्हते. जोतीराव त्या वाटेने गेले नाहीत, धंद्याच्या वाटेने गेले. आमच्या मते हा निर्णय त्यांच्या शाळांइतकाच महत्त्वाचा आहे. ज्याचा पगार साहेबाच्या हातात, त्याचे तोंड साहेबाच्या हातात, हे आपल्यातल्या नोकरदारांना वेगळे सांगायला नको. १८६३ मध्ये त्यांनी धातूच्या ओतकामाचे साहित्य पुरवण्याचा धंदा सुरू केला. पुढे बांधकामाचे ठेके आले. पुण्याजवळच्या धरणाला बांधकामाचा माल त्यांनी पुरवला. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा तुरुंग या कामांवर मजूर पुरवण्याचे ठेके त्यांच्याकडे होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने हा कारभार चाले. मांजरीला सुमारे ६० एकर शेती होती. थोडक्यात, हा माणूस फकीर नव्हता. त्याच्याकडे पैसा येत होता.

तो कुठे गेला? ज्या १८६३ साली ओतकामाचा धंदा सुरू झाला, त्याच साली त्यांच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवायचे असेल तर तिथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, तेव्हा अध्यक्षपद आणि खजिनदारी दोन्ही जोतीरावांकडे आली. हिशेब कळणारा माणूस खजिनदार हवा, हे त्या मंडळींना कळत होते.

समाजाच्या मागे उभे राहिलेले लोकही पाहण्यासारखे आहेत. मुंबईतले रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी कालेवार ही तेलुगू भाषक मंडळी होती, त्यांच्यात बांधकामाच्या धंद्यातली माणसे होती. सत्यशोधक समाजाच्या छापखान्याला मदत याच मुंबईकरांकडून आली. ज्या चळवळीला आपण नुसती विचारांची चळवळ म्हणतो, तिच्या पायात ठेकेदारांचा पैसा होता. राजा-महाराजांच्या देणगीची वाट पाहत ती बसली असती तर तिची पत्रके छापली गेली असती का, याचा विचार करा.

पण देणगी हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे, आणि आमच्या मते सोपा भाग आहे. अवघड भाग ठेक्याच्या जागेवरच आहे.

सरकारी कामे आतून कशी चालतात हे जोतीरावांनी ठेकेदार म्हणून पाहिले. कामावरचे कारकून आणि अंमलदार मजुराच्या आणि कुणब्याच्या घामातून आपला हिस्सा कसा काढतात, हे त्यांनी नंतरच्या लेखनात स्पष्ट मांडले. आता हे लक्षात घ्या की ज्या खात्याकडून ठेके घ्यायचे, बिले मंजूर करून घ्यायची, त्याच खात्याबद्दल हा माणूस लिहीत होता. आज एखादा ठेकेदार टक्केवारीबद्दल चहाच्या टपरीवर कुजबुजतो आणि कार्यालयात गेला की हात जोडतो. त्याला आम्ही दोष देत नाही, त्याचे पोट आहे. पण जोतीरावांचेही पोट होतेच.

धरणाचेही तसेच. माल पुरवला, पैसे मिळाले, एवढ्यावर ठेकेदाराचा संबंध संपायला हवा होता. जोतीरावांचा संपला नाही. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते पाटबंधारे खात्याला धारेवर धरतात. शेतकऱ्याकडून पाणीपट्टी घेता, मग पाणी वेळेवर आणि मोजून का देत नाही, असा त्यांचा सवाल आहे. ठिकठिकाणी तलाव-बंधारे बांधावेत, वाहून जाणारी माती आणि पाणी शेतात मुरवावे, हेही ते सुचवतात. जालना जिल्ह्यात राहणाऱ्याला या सूचनांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांवर टँकर येतो तेव्हा ते कळते.

१८७६-७७ चा दुष्काळ हा त्या काळच्या व्यापाराचीही परीक्षा होती. धान्य महागले, माणसे गावे सोडून निघाली, सावकारी फास आवळला. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने मदतीचे विनंतीपत्रक काढले. धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी अन्नछत्र सुरू झाले. सावित्रीबाई जुन्नरकडे होत्या, तिथली उपासमार आणि सावकारांविरुद्धचा संताप त्या पत्राने कळवत होत्या. दुष्काळात कोठार बंद ठेवणे हाही धंदाच होता आणि तो कायद्यात बसत होता. कायद्यात बसते म्हणून बरोबर, असे फुले दांपत्य मानत नव्हते.

१८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा ३२ सभासदांत विरोध करणारे ते एकटे होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. सरकारचे ठेके घेणारा माणूस सरकारच्या सर्वांत मोठ्या साहेबाच्या स्वागताला नाही म्हणतो! १८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली, त्यालाही त्यांनी लेखी हरकत घेतली. दुकानांमुळे तिजोरीत पैसा येतो हे त्यांना माहीत होते, पण तो कुठल्या घरांतून येतो हेही माहीत होते. तथागतांनी उपासकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत मद्याचा व्यापार आहे. जोतीरावांनी ती यादी वाचली होती असा आमचा दावा नाही. ते आपल्या वाटेने त्याच जागी पोहोचले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीला जोतीरावांना गुरू मानले, त्याचे एक कारण आम्हाला इथे दिसते.

आज यासाठी कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे आणि बियाण्यांचे कारखाने आहेत. त्यांपैकी जे या कलमाखाली येतात त्यांच्याकडे आपल्या कार्यकर्त्यांनी शाळा-दवाखान्यांसाठी मागणी जरूर करावी. पण २ टक्के हे नफ्याचे आहेत. उरलेले ९८ कसे कमावले, भट्टीवरच्या मजुराला काय मिळाले, भाजला तर दवाखान्याचा खर्च कुणी केला, हे ते कलम विचारत नाही. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगताना नेमके हेच विचारले आहे: झेपेल तेवढे काम, जेवण आणि वेतन, आजारपणात काळजी, वेळेवर सुटी. दानाची गोष्ट नंतरची. आपल्या जेसीबीवाल्या, ठेकेवाल्या भावांना हे कलम लागू नाही, सुत्त मात्र लागू आहे. जयंतीची पावती फाडण्याआधी आठवड्याची मजुरी चुकती झाली का, हे विचारायचा हक्क मंडळाने घ्यावा, असे आमचे म्हणणे आहे. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर कोरलेले आहेत. देण्याची परंपरा या मातीत दोन हजार वर्षांची आहे. विचारण्याची परंपरा जोतीरावांनी दिली.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती पुढे नेली. गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेल्या या माणसाने १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या लढ्यातून.

जोतीराव तोवर थकले होते. मे १८८८ मध्ये मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले. धंदा बसला होता, घरात आजारपण होते आणि साठवलेले फारसे काही नव्हते. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ छापून बाहेर पडले ते पुढच्या वर्षी.