संस्कृतचे प्राध्यापक, क्रिकेटचे कप्तान

मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांचा क्रिकेटचा सामना ठेवायचे ठरले, तेव्हा आपल्या बॅचमधल्या बहुतेकांच्या घरून एकच प्रश्न आला : या वयात? मला प्रा. दि. ब. देवधर आठवले. देवधर ट्रॉफीच्या बातम्या आपण वाचनालयातल्या पेपरात वाचायचो. त्या नावामागे एक प्राध्यापक आहे, हे मला तरी फार उशिरा कळले.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२चा. पोटासाठी एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि क्रिकेट खेळायचे, असा त्यांचा दुहेरी संसार. १९२६ साली गिलिगनचा एम.सी.सी. संघ मुंबईत आला, तेव्हा हिंदी संघाकडून त्यांनी १४८ धावा केल्या. आपण साहेबाच्या बरोबरीने खेळू शकतो, हा विश्वास त्या मोसमाने दिला. पण १९३२ साली भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. वय झाले म्हणून त्यांना वगळले. अधिकृत कसोटी त्यांच्या नशिबी आलीच नाही.

दुसरा कोणी असता तर बॅट खुंटीला टांगून कडवटपणे गप्पा मारत बसला असता. यांचा खरा खेळ पुढेच आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. तो अजून पुन्हा आपल्याकडे आलेला नाही. सांगलीचा विजय हजारे त्यांच्याच हाताखाली खेळत होता. बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद ३१६ केल्या, त्या याच काळात. स्वतः देवधरांनी पन्नाशी जवळ आलेली असताना मुंबईच्या गोलंदाजीवर २४६ धावा काढल्या. आणि पन्नाशी उलटल्यावर, १९४४-४५मध्ये, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके! १०५ आणि १४१. मला विचाराल तर वगळणाऱ्यांना याहून चांगले उत्तर देता आले नसते, आणि तेही तोंडाने एक शब्द न काढता.

पुढे ते मैदानाच्या पलीकडच्या खुर्चीवर गेले. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, क्रिकेट मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य. ज्याला एकदा वयावरून बाजूला सारले, त्याच्याच हाती इतरांची निवड आली. त्या टेबलाशी बसताना त्यांना १९३२ आठवत असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

घरातही खेळच होता. तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुलींनी बॅडमिंटनमध्ये देशभर नाव काढले. मुलींनी मैदानात उतरणे अपूर्वाईचे होते तेव्हाची ही गोष्ट. १९६५ साली पद्मश्री, १९९१ साली पद्मभूषण. देवधर ट्रॉफी १९७३-७४मध्ये सुरू झाली, तेव्हा ते हयात होते, आणि त्यानंतरही वीस वर्षे होते. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वयाची शंभरी ओलांडून दीड वर्ष झाले होते.

आपला सामना ओहोटी लागल्यावर पुळणीवर आहे. साठी उलटलेल्यांनी बिनधास्त नाव द्यावे.