इव्हान वाझोव

बल्गेरिया हा युरोपच्या आग्नेय भागातील एक लहान देश. सोफिया ही त्याची राजधानी. या नगरातील राष्ट्रीय नाट्यगृहाला एका साहित्यिकाचे नाव दिलेले आहे. ते साहित्यिक म्हणजे इव्हान वाझोव.

वाझोव यांचा जन्म १८५० साली बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सोपोत या गावी झाला. त्या काळी बल्गेरियावर ऑटोमन तुर्कांची सत्ता होती. ही पराधीनता जवळजवळ पाच शतकांची होती. वडील मिंचो हे व्यापारी. मुलाने आपला व्यवसाय सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे शिक्षण अर्धवट सोडून वाझोव यांना घरी परतावे लागले. पुढे व्यापार शिकण्यासाठी त्यांना रुमानियात पाठवण्यात आले. परंतु जमाखर्चात त्यांचे मन रमेना. ब्राइला या शहरात मायदेश सोडून आलेले अनेक बल्गेरियन क्रांतिकारक राहत होते. त्यांच्या सहवासात वाझोव यांना आपल्या जीवनाची दिशा सापडली. १८७० साली त्यांची कविता प्रथम प्रसिद्ध झाली.

एप्रिल १८७६ मध्ये बल्गेरियन जनतेने उठाव केला. तो निर्दयपणे चिरडला गेला. वाझोव यांना रुमानियात आश्रय घ्यावा लागला. १८७७ साली रशिया व तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. त्यात सोपोत गाव बेचिराख झाले आणि वडील मारले गेले. १८७८ साली देश मुक्त झाला, तेव्हा ज्या घराकडे परतायचे, ते घरच उरले नव्हते.

स्वातंत्र्यानंतरही त्यांचा वनवास संपला नाही. राजकीय मतभेदांमुळे त्यांना पुन्हा देश सोडून रशियाच्या साम्राज्यातील ओडेसा येथे राहावे लागले. मातृभूमीच्या विरहाने व्याकूळ झालेल्या या लेखकाने तेथेच 'जोखडाखाली' या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली. १८७६ चा फसलेला उठाव हा तिचा विषय. तिच्यातील गावाचे नाव निराळे असले, तरी ते सोपोतच होय. जळून गेलेले गाव वाझोव यांनी शब्दांतून पुन्हा उभे केले. तेथील शिक्षक, दुकानदार, साधू, भित्री माणसे आणि धाडसी तरुण या सर्वांना तिच्यात स्थान मिळाले. पराभवाची ही कथा राष्ट्राची अभिमानाची ठेव ठरली. अनेक भाषांत तिची भाषांतरे झाली.

१८८९ साली वाझोव सोफियात स्थायिक झाले. कविता, कथा, नाटके, प्रवासवर्णने अशा सर्व प्रकारांत त्यांनी लेखन केले आणि नव्याने घडणाऱ्या बल्गेरियन साहित्यभाषेला समृद्ध केले. ज्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते, ते वाझोव १८९७ ते १८९९ या काळात देशाचे शिक्षणमंत्री होते.

२२ सप्टेंबर १९२१ रोजी सोफिया येथे त्यांचे निधन झाले. संत सोफिया चर्चजवळ त्यांची समाधी आहे. तिच्यावर शहरालगतच्या व्हितोशा पर्वतातून आणलेली एक प्रचंड शिळा ठेवलेली आहे. आयुष्यभर ज्या भूमीचे त्यांनी गुणगान केले, तिचाच हा पाषाण त्यांचे स्मारक झाला आहे.