अधू डोळे आणि डोळस गुरू

पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखादे मूल जन्मतः अंध निपजते किंवा अपघाताने त्याची दृष्टी जाते, तेव्हा त्याच्या आईबापांवर दुहेरी संकट कोसळते. पहिले संकट डोळ्यांचे. त्यापायी धुळे-जळगावच्या दवाखान्यांच्या खेपा सुरू होतात, नवस बोलले जातात, बालाजीच्या रथापुढे हात जोडले जातात. दुसरे संकट उशिरा ध्यानी येते आणि तेच अधिक काळ टिकते. या मुलाला शिकवणार कोण, हे ते संकट होय. वैद्यांनी हात टेकल्यानंतरही ज्या घराला असा शिकवणारा भेटतो, त्या घराची कृतज्ञता शब्दांत मावत नाही. ज्या घराला तो भेटत नाही, तेथे मूल ओसरीच्या कोपऱ्यात वाढते आणि लोक त्याला दैव म्हणतात. वस्तुतः त्यात दैवाचा भाग किती आणि समाजाच्या उदासीनतेचा किती, हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या चरित्रावरून ताडून पाहण्यासारखे आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. कीर्तनकाराच्या घरात अभंग, आख्याने आणि टाळमृदंग यांचा वावर असायचाच. तथापि मुलाने शाळा शिकावी, मार्गी लागावे, एवढीच सामान्य गृहस्थाची अपेक्षा असते. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट झाला आणि या अपेक्षेवर पाणी पडले. मुलाचा चेहरा भाजला, डोळे अधू झाले. दृष्टी समूळ गेली नाही, परंतु पुस्तक समोर धरून विद्या संपादन करण्याचा मार्ग खुंटला.

त्या काळी अशा मुलाच्या बापापुढे पर्याय तरी कोणते होते? लुई ब्रेल याने आपली ठिपक्यांची लिपी १८२९ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध केली होती खरी. पण भारतीय भाषांसाठी सर्वमान्य अशी भारती ब्रेल सिद्ध व्हावयास १९५१ साल उजाडले. आपल्या देशातील अंधांची पहिली शाळा निघाली ती १८८७ साली, दूरवरच्या अमृतसरला. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराला या साऱ्याचा काडीइतकाही उपयोग नव्हता. उपचारांसाठी मुलाला मिरजेस नेण्यात आले. तेथील डॉक्टर भडभडे यांना डोळे पूर्ववत करता आले नाहीत, परंतु मुलाचा गळा त्यांनी हेरला आणि त्याला गाणे शिकवावे, असा सल्ला दिला. मिरज संस्थानचा आश्रय मिळाला आणि मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या स्वाधीन झाला.

बाळकृष्णबुवांना विद्येची किंमत ठाऊक होती, कारण त्यांनी ती पुरेपूर मोजली होती. गाण्याच्या ध्यासाने लहान वयात घर सोडून त्यांनी भ्रमंती केली. धारला देवजीबुवांकडे आणि पुढे ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे पडेल ते काम करून विद्या मिळवली. दम्याच्या विकाराने त्यांना ग्रासले होते. तरीही ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडेच जाते. अशा गुरूच्या हाती अधू डोळ्यांचा मुलगा पडला आणि १८९६ पर्यंत त्यांच्या तालमीत राहिला.

गाणे ही गुरुमुखी विद्या. एकच तान शिष्याच्या गळ्यातून नेमकी उमटेपर्यंत गुरूने ती पुनःपुन्हा गाऊन दाखवायची असते. तेथे पुस्तक लागत नाही, पण गुरूचा दम आणि धीर पणाला लागतो. मुलगा अधू आहे म्हणून दोनचार पदे शिकवून त्याची बोळवण करणे सोपे होते. उपजीविकेपुरते तेवढे पुरलेही असते. बाळकृष्णबुवांनी मात्र त्याला संपूर्ण गायकी दिली. अंध मुलाच्या शिक्षणातील मर्म नेमके येथे आहे. दया दाखवणारे अनेक भेटतात. पुरी मेहनत मागणारा आणि पुरी विद्या देणारा एखादाच. बापाने कृतज्ञ राहावे ते अशा शिक्षकाचे.

या कृतज्ञतेला देशाचे बंधन नाही. लुई ब्रेलचे वडील घोड्यांचे सामान शिवणारे कारागीर होते. त्यांच्याच कारखान्यातील हत्याराने तीन वर्षांच्या लुईचा डोळा फुटला आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८३१ साली मृत्युशय्येवर असताना या बापाने पॅरिसच्या अंधशाळेच्या प्रमुखांना पत्र धाडून आपल्या मुलाला कधी अंतर देऊ नये अशी विनवणी केली. लुई तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि त्याच शाळेत शिकवीत होता. तरीही बापाच्या जिवाला आधार वाटत होता तो शाळेचाच.

असे ऋण फिटते कसे? विष्णु दिगंबरांनी ते इतरांच्या मुलांना शिकवून फेडले. गवयाला समाजात मिळणारी हीन वागणूक त्यांना सलत होती आणि विद्या मूठभरांच्या मर्जीवर अवलंबून राहावी हेही. १८९६ साली मिरज सोडून ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. या संस्थेचा भार कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हता. ती लोकांच्या वर्गणीवर आणि बुवांच्या जलशांच्या उत्पन्नावर चालली. १९०८ मध्ये मुंबईस शाखा निघाली. ज्याचे स्वतःचे डोळे अधू, त्याने गाणे कागदावर उतरवण्यासाठी स्वरलिपी तयार केली आणि क्रमिक पुस्तके छापली, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. शिक्षक घडवण्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग चालवला. कर्जापायी मुंबईची इमारत १९२४ साली लिलावात गेली, तरी ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य उभे राहिले होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेसच बुवांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आज गावोगावची मुले बसतात.

हे चरित्र गौरवाचे खरेच, पण त्यातील एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. कुरुंदवाडच्या त्या बापाला गुरू लाभला तो योगायोगाने. डॉक्टर चाणाक्ष निघाले, संस्थानिक रसिक निघाले, बाळकृष्णबुवा त्याच गावी होते आणि मुलाचा गळा गोड होता. यांपैकी एक दुवा निखळता तर तो मुलगा अंधारात राहिला असता. त्या पिढीतील अशी किती मुले अंधारातच राहिली असतील, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. शिवाय प्रत्येक अंध मुलाला गळा असतोच असे नाही, आणि त्याने गवईच व्हावे असेही नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ब्रेल आहे, बोलणारी यंत्रे आहेत. परंतु कायदा मुलाचे बोट ठिपक्यावर ठेवीत नाही; ते काम शिक्षकालाच करावे लागते. पारोळा तालुक्यातील एखाद्या खेड्यातल्या शेतमजुराच्या अंध मुलीपर्यंत ब्रेल जाणणारा शिक्षक नेमाने पोचतो की नाही, यावरच त्या कायद्याची किंमत ठरेल. तसा शिक्षक ज्यांना भेटतो, ते आईबाप त्याला देव मानतात. त्यांची भावना योग्यच आहे. मात्र शिक्षक भेटणे ही देवाची कृपा न राहता शासनाची आणि समाजाची नित्याची व्यवस्था होईल, तेव्हाच बाळकृष्णबुवांसारख्या गुरूंचे ऋण काही अंशी फिटले असे म्हणता येईल.