रेव्हरंड टिळक आणि आपलें गायन

मुंबईंतील सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या दगडी मंदिरांत गायकवृंद गाऊं लागला म्हणजे स्वर उंच छतास भिडून कांहीं क्षण घुमत राहतो. म्हणून तेथें संथ गायन शोभतें. जलद गाइल्यास शब्द एकमेकांत मिसळून जातात. आपल्या मलकापूर-चिखलीकडील खेड्यांत निंबाखालीं सभा भरली तर नाद परतून येत नाहीं, आणि तीच संथ चाल तेथें निर्जीव वाटते. मग आपली उपासना उणी समजावी काय? ह्याचें उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या चरित्रांत आहे, असें आम्हांस वाटतें.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपीय गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधून घेतलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्यापायीं आप्तेष्ट अंतरले. पत्नी लक्ष्मीबाईंचा वियोगही कांहीं वर्षें सोसावा लागला. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरास सेवा करीत असतां टिळकांची खात्री झाली कीं, परक्या चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत मराठीचे ऱ्हस्वदीर्घ मोडतात व तीं गीतें खेडुतांच्या ओठीं बसत नाहींत. ख्रिस्ती कीर्तनाची वाट कृष्णराव सांगळे ह्यांनीं आधींच घातली होती. टिळकांनीं अभंग, भजनें व कीर्तनें रचून ती रुंद केली. टाळमृदंगाच्या ठेक्यास घुमणारें छत लागत नाहीं. एकानें म्हणावें व सर्वांनीं उचलावें, म्हणजे अक्षरओळख नसलेली म्हातारीदेखील गायकवृंदांत येते.

१९१७ सालीं मिशनच्या वेतनाचा आधार सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ उभारण्याचें काम हातीं घेतलें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

उपदेशक बंधूंनो, दगडी मंदिरांतील गायनास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तें त्या जागीं योग्यच आहे. परंतु येत्या रविवारीं गीत निवडतांना आपण आपली जागा व आपलीं माणसें पाहावीं. मंडळीस जें एकमुखानें गातां येईल, तेंच तिचें उत्तम गीत होय.