ग्रंथप्रेमी नरेश श्रीमंत सयाजीराव महाराज

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत पुस्तकांच्या कपाटाचा विषय निघाला होता. त्या वेळी मागच्या रांगेतील एका वयस्कर भगिनीने विचारले की, जिला वाचताच येत नाही तिला या कपाटाचा काय उपयोग? कोणी काही बोलले नाही. मी कार्यकारिणीत आहे, तेव्हा उत्तर देणे माझे काम होते. पण मीही हातातले कागद सारखे करीत बसले. घरी परतताना मात्र मला एका थोर पुरुषाची आठवण झाली. त्यांचे जन्मगाव माझ्या माहेराजवळचे, म्हणून लहानपणापासून त्यांच्या गोष्टी कानांवर पडलेल्या. ते म्हणजे बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड. त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखविले होते. तेच या वर्धापनदिनी आपणापुढे ठेवीत आहे.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावी झाला. पाळण्यातले नाव गोपाळ. घर शेतकऱ्याचे. १८७५ साली इंग्रज सरकारने बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. राजवाड्यात आला तेव्हा त्याला धड अक्षरओळखही नव्हती. ज्या वयात इतर मुले पुस्तके वाचतात त्या वयात या मुलाने मुळाक्षरे गिरवली. इलियट साहेब त्यांचे शिक्षक व सर टी. माधवराव दिवाण. सहा वर्षे कसून अभ्यास झाला, आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. वाचता न येणे म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगले होते. माझ्या मते त्यांच्या पुढच्या कार्याचे बीज तेथेच आहे.

१८९३ साली त्यांनी अमरेली भागात मुलामुलींचे शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९०६ साली तो कायदा साऱ्या राज्यास लावला. परंतु शाळा सोडलेली मुले थोड्याच वर्षांत अक्षर विसरतात, कारण घरी वाचावयास काही नसते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०६ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले व तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. १९१० साली त्यांनी तेथून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्यास बोलाविले. राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार पुस्तकांचा संग्रह प्रजेसाठी खुला केला. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि बालकांसाठी वेगळी व्यवस्था होती. बॉर्डन तीन वर्षांनी परत गेले, पण घडी बसली होती. गावोगावच्या वाचनालयांसाठी मोतीभाई अमीन यांच्यासारखी माणसे झटली. नियम साधा होता: खर्चाचा एक वाटा गावकऱ्यांनी जमवावा, तेवढाच पंचायतीने द्यावा व तेवढाच सरकारने. ज्या गावी वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. त्या वाचून झाल्या की परत येत आणि त्यांच्या जागी दुसऱ्या जात. वाहतुकीचा खर्च ग्रंथालय खाते सोशी.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे काय? त्यांच्यासाठी या खात्यात दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखा होती. तिच्याजवळ जादूचा कंदील होता, चलच्चित्रे होती आणि डोळ्यांना लावून पाहावयाची दुहेरी चित्रे होती, ज्यांत डोंगर व इमारती उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. गावच्या चौकात रात्री पडदा लागे व खेळ फुकट दाखविला जाई. ग्रंथालयाचे काम केवळ ग्रंथ सांभाळणे नव्हे, तर माणसाला जग समजावून देणे होय, मग ते अक्षराने असो वा चित्राने, हा विचार त्यामागे होता.

महाराजांचे सर्वच सफल झाले असे नाही. मुले शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होत असे, आणि गरिबाला तो जड जाई. कायदा झाला तरी साऱ्या बायका काही साक्षर झाल्या नाहीत. तरी महाराणी चिमणाबाईसाहेबांनी पडदा सोडला, १९११ साली स्त्रियांच्या स्थितीवरील एका इंग्रजी ग्रंथाच्या सहलेखिका झाल्या, व १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस शिकावयास गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले.

भगिनींनो, आज चित्रांचा तो कंदील आपल्या प्रत्येकीच्या मुठीत आहे. पण तो दाखविताना शेजारी बसून समजावून सांगणारे कोणी नाही. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंनी मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली. कोणी अनोळखी माणूस सांगत होता की मधुमेहाच्या गोळ्या सोडून अमुक काढा घ्यावा. सासूबाईंना वाचता येत नाही. ऐकले ते खरे मानले. आठ दिवस त्यांनी गोळ्या उशाखाली ठेवल्या, आणि नवव्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. त्या वाचल्या, ही देवाची कृपा. दोष मी कोणाला देऊ? त्यांच्या शेजारी बसून ते चित्र पाहावयास मला एकही दिवस सवड झाली नव्हती.

आपल्या उलव्यात शेतावर व खाडीवर वाढलेल्या बायका आहेत, विमानतळासाठी घर सोडून आलेल्या आहेत, आणि आमच्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून इमारतींत राहावयास आलेल्याही आहेत. म्हणून माझी एक विनंती आहे. कपाट घ्यावेच, पण त्याच्याजवळ दर बुधवारी दुपारी दोन तास आपल्यापैकी दोघींनी बसावे. जिला वाचता येते तिने मोठ्याने वाचावे. जिला येत नाही तिने आपला मोबाईल घेऊन यावे. त्यातले काय खरे व काय खोटे, कोणी सांगितले व कशासाठी सांगितले, हे सर्वांनी मिळून पाहावे. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्या घरी पिशवीतून चार पुस्तके पोचवावीत. पहिल्या बुधवारी मी बसेन. सासूबाईंनाही घेऊन येणार आहे. त्यांनी पाटी मागितली आहे.